पदक आणि क्रमवारी : प्रार्थना ठोंबरे व ऋतुजा भोसले यांच्या टेनिस कारकिर्दीचा अन्वयार्थ

प्रस्तावना

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. रोहन बोपण्णा व ऋतुजा भोसले या भारतीय जोडीने पहिला सेट २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा जिंकला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेऊन चिनी तैपेईच्या जोडीवर विजय मिळविला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात ऋतुजाचे नाव सर्वतोमुखी झाले. ती मूळची श्रीरामपूरची, हेही अनेकांना त्याच दिवशी कळले. तथापि ज्या जागतिक क्रमवारीच्या आधारे व्यावसायिक टेनिसपटूची पुढील वाटचाल ठरते, त्या क्रमवारीत या सुवर्णपदकामुळे एका गुणाचीही भर पडली नाही. आशियाई स्पर्धेतील विजयाला क्रमवारीचे गुण नसतात.

या एका घटनेत व्यावसायिक टेनिसपटूच्या कारकिर्दीचे मर्म दडलेले आहे. अशा खेळाडूच्या नावे दोन खाती चालू असतात. एक खाते पदकांचे. ते समाज पाहतो, शासन पाहते आणि वर्तमानपत्रे पाहतात. दुसरे खाते क्रमवारीच्या गुणांचे. ते खेळाडू, तिचे पालक व प्रशिक्षक यांच्यापलीकडे फारसे कोणी पाहत नाही. पहिल्या खात्यातून मान मिळतो, तर पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देते ते दुसरे खाते. या दोहोंमधील अंतर लक्षात न घेतल्यास टेनिसपटूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एकांगी होते.

प्रस्तुत लेखात बार्शीची प्रार्थना ठोंबरे व श्रीरामपूरची ऋतुजा भोसले या दोन खेळाडूंच्या कारकिर्दीच्या आधारे हे अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी हंगेरीच्या टिमेआ बाबोश या खेळाडूचा विचार केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. व्यावसायिक महिला टेनिसमधील क्रमवारी व अर्थकारण यांची रचना समजून घेणे.
२. तालुक्याच्या गावातून आलेल्या खेळाडूंच्या वाटचालीतील निर्णायक टप्पे स्पष्ट करणे.
३. या संदर्भात महाविद्यालयाची भूमिका काय असू शकते याचा विचार करणे.

महाराष्ट्रातील टेनिसची पार्श्वभूमी

महाराष्ट्राला टेनिसची परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव या स्वतः टेनिस खेळत असत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. पुढे नंदन बाळ यांनी डेव्हिस करंडकात भारताचे प्रतिनिधित्व केले. बॅडमिंटनचे महान खेळाडू नंदू नाटेकर यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले.

ही परंपरा मुख्यतः मुंबई व पुणे या दोन शहरांतील जिमखान्यांच्या आश्रयाने वाढली. कबड्डी, खो-खो वा कुस्ती यांप्रमाणे टेनिस गावागावांत रुजले नाही. त्याची कारणे उघड आहेत. टेनिसला आखीव व देखभाल केलेले कोर्ट लागते. रॅकेटचे गट वरचेवर बदलावे लागतात, चेंडू काही तासांच्या खेळात निकामी होतात. मुख्य म्हणजे आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी सरावाला रोज उपलब्ध असावा लागतो. ज्या गावात टेनिस खेळणाऱ्या मुली दोन किंवा तीन असतात, तेथे त्यांच्यातील सर्वोत्तम मुलीची प्रगती लवकरच थांबते, कारण तिला हरविणारे कोणी उरत नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले आणि राज्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचे टेनिस केंद्र मिळाले. २०१८ ते २०२३ या काळात पुरुषांची महाराष्ट्र खुली स्पर्धा येथे भरत होती. करोनाच्या साथीमुळे २०२१ ची स्पर्धा तेवढी झाली नाही. महिलांसाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील आंतरराष्ट्रीय स्पर्धा, तसेच अलीकडच्या काळात सोलापूर व नागपूर येथील स्पर्धा महत्त्वाच्या ठरल्या आहेत. या स्पर्धांचे महत्त्व कळण्यासाठी क्रमवारीची रचना पाहणे आवश्यक आहे.

क्रमवारीचे गणित

महिला टेनिसची जागतिक क्रमवारी महिला टेनिस संघटना प्रसिद्ध करते. खेळाडूने मागील ५२ आठवड्यांत खेळलेल्या स्पर्धांपैकी ठरावीक संख्येच्या सर्वोत्तम निकालांचे गुण एकत्र करून ही क्रमवारी ठरते. एकेरीची क्रमवारी वेगळी व दुहेरीची वेगळी असते. विशिष्ट आठवड्यात मिळविलेले गुण पुढील वर्षी त्याच सुमारास खात्यातून वजा होतात. म्हणजे खेळाडूला आपले स्थान केवळ टिकविण्यासाठीसुद्धा गेल्या वर्षीएवढे यश पुन्हा मिळवावे लागते. पदवी एकदा मिळाली की ती आयुष्यभर आपली असते. क्रमवारीतील स्थान तसे नसते. ते प्रत्येक सोमवारी नव्याने सिद्ध करावे लागते. आजारपण, दुखापत, व्हिसा वेळेवर न मिळणे किंवा हाती पैसा नसणे, यांपैकी कोणत्याही कारणाने दोन-तीन महिने वाया गेले की वर्षाची कमाई ओसरू लागते.

स्पर्धांचीही उतरंड आहे. सर्वांत खालच्या स्तरावर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा असतात. त्या एकूण बक्षीस रकमेवरून ओळखल्या जातात. सर्वांत लहान स्पर्धा १५ हजार डॉलरची. त्यावरची २०२३ पर्यंत २५ हजारांची होती, तिच्या जागी २०२४ पासून ३५ हजारांचा स्तर आला. नंतर ५०, ७५ व १०० हजारांच्या स्पर्धा येतात. त्यांच्याही वर महिला टेनिस संघटनेच्या १२५, २५०, ५०० व १००० या श्रेणी असून शिखरावर चार ग्रँड स्लॅम स्पर्धा आहेत. २०२४ पासूनच्या रचनेत १५ हजारांच्या स्पर्धेतील एकेरीच्या विजेतीला १५ गुण मिळतात, तर ग्रँड स्लॅम विजेतीला २०००. खालच्या स्तरावरील खेळाडू आठवडाभर खेळून, पाच सामने जिंकून जे मिळविते, ते वरच्या स्तरावर एखाद्या फेरीच्या गुणांपुढेही नगण्य असते.

येथे प्रवेशाचा प्रश्न उद्भवतो. वरच्या स्तरावरील स्पर्धेत स्थान मिळते ते क्रमवारीनुसार, आणि क्रमवारी सुधारते ती वरच्या स्तरावर खेळल्याने. या कोंडीतून बाहेर पडण्याचे मार्ग तीनच. पात्रता फेरीतून वर येणे, यजमान देशातील खेळाडू म्हणून आयोजकांकडून थेट प्रवेश मिळणे, किंवा खालच्या स्तरावर दीर्घकाळ सातत्याने जिंकत राहणे. पुणे, सोलापूर किंवा नागपूर येथील स्पर्धांचे मोल यामुळेच मोठे आहे. आपल्या राज्यात भरणारी स्पर्धा खेळाडूच्या दृष्टीने एक प्रकारचे अनुदानच असते, कारण विमानप्रवास वाचतो, व्हिसाची चिंता नसते आणि यजमान या नात्याने प्रवेशाची शक्यता वाढते.

कारकिर्दीचे अर्थकारण

गुणांच्या उतरंडीला समांतर अशी उत्पन्नाची उतरंड आहे आणि ती अधिक तीव्र आहे. १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेतीला सुमारे २३०० डॉलर मिळतात. मुख्य फेरीतील पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला सुमारे १५० डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये येतात. त्यातून कर, निवास, भोजन, प्रवास आणि रॅकेटचे गट यांचा खर्च भागवायचा असतो. प्रशिक्षकाला सोबत नेणे ही तर चैनच. याउलट २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला ६६ हजार पौंड मिळाले. ही रक्कम पाऊण कोटी रुपयांच्या आसपास जाते. दोन्ही खेळाडू व्यावसायिक, दोघीही पहिल्या फेरीत पराभूत. पण दोघींच्या जीवनमानात तुलना होऊ शकत नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकडेवारीवर आधारित जो आढावा घेतला, त्यातून या विषमतेचे चित्र स्पष्ट झाले. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४ हजार खेळाडूंपैकी निम्म्याच्या जवळपास खेळाडूंना बक्षीस रकमेतून काहीही मिळाले नव्हते. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जमा व खर्च यांची तोंडमिळवणी पुरुषांमध्ये ३३६ व्या आणि महिलांमध्ये २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होत होती. जगातील तीनशेवी टेनिसपटू ही आपल्या विषयात जगात तीनशेवी असूनही तोट्यात होती, असा याचा अर्थ. अन्य कोणत्या व्यवसायात असे घडते याची कल्पना करणे कठीण आहे. त्यानंतरच्या काळात बक्षीस रकमा वाढल्या आणि प्रवासखर्चही वाढला. खालच्या स्तरावरील ओढाताण मात्र संपलेली नाही.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलीने या व्यवसायात उतरायचे, तर पहिली अनेक वर्षे तिचा खरा पुरस्कर्ता तिचे कुटुंबच असते. त्यामुळे तिच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना केवळ विजयांची यादी पाहून चालत नाही. ती या व्यवसायात टिकली कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रार्थना ठोंबरे : बार्शी ते रिओ

प्रार्थना ठोंबरे हिचा जन्म १९९४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरील बाजारपेठ. भगवंताचे मंदिर, तुरीचा व्यापार आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे ही तिची ओळख. टेनिसच्या नकाशावर या गावाचे नाव तोवर नव्हते.

प्रार्थनाच्या वाटचालीतील निर्णायक टप्पा म्हणजे हैदराबादला जाणे. सानिया मिर्झाने हैदराबादजवळ सुरू केलेल्या अकादमीत तिने सराव केला. हे स्थलांतर केवळ चांगल्या कोर्टसाठी नव्हते. तोडीस तोड सहकारी व जागतिक स्पर्धांचा अनुभव असलेले मार्गदर्शन एकाच ठिकाणी मिळणे, हे त्यामागचे कारण होते. २०१४ मध्ये इंचिऑन येथील आशियाई स्पर्धेत सानियाच्या साथीने तिने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

त्यानंतर दोन वर्षांनी ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. या प्रवेशामागील नियम समजून घेण्यासारखा आहे. जून २०१६ मधील क्रमवारीनुसार दुहेरीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये आपल्याच देशाचा सहकारी घेऊन थेट प्रवेश मिळत असे. सानिया त्या वेळी दुहेरीत जगात अव्वल होती, त्यामुळे तिच्यासोबत प्रार्थनाला ऑलिंपिकचे दार उघडले. याच नियमाने पुरुष दुहेरीत रोहन बोपण्णाला प्रवेश मिळाला आणि त्याचा सहकारी कोण असावा यावरून देशात वाद झाला. महिलांच्या बाबतीत तसा वाद झाला नाही.

रिओमध्ये या जोडीची गाठ पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई व पेंग शुआई यांच्याशी पडली. पेंग शुआई ही स्वतः दुहेरीत जागतिक अग्रस्थान भूषविलेली खेळाडू. सामना तीन सेटपर्यंत रंगला आणि ६-७, ७-५, ५-७ असा भारताच्या हातून निसटला. निकालाच्या रकान्यात 'पहिल्या फेरीत पराभव' एवढीच नोंद राहिली. ती नोंद वाचणाऱ्याला हे कळत नाही, की तिसऱ्या सेटमध्ये दोन गेमचे अंतर राहिले म्हणून पराभव झाला. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून क्रमवारीचे गुण दिले जात नाहीत. म्हणजे प्रार्थनाच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा सामनाही दुसऱ्या खात्यात शून्यच ठरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा लहान स्पर्धा, पुन्हा पात्रतेची यादी आणि पुन्हा नवी सहकारी शोधणे हा क्रम तिला चुकला नाही. दुहेरीत जोडीदार शोधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. दोघींच्या क्रमवारीची बेरीज प्रवेशास पुरेल, दोघींचे वेळापत्रक जुळेल आणि खेळही परस्परपूरक असेल, असा योग जमवावा लागतो.

ऋतुजा भोसले : विद्यापीठाचा मार्ग

ऋतुजा भोसले हिचा जन्म १९९६ मध्ये अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे झाला. किशोरवयातच, २०१२ मध्ये, तिने फेड करंडकात भारताचे प्रतिनिधित्व केले. या वयात बहुतेक होतकरू खेळाडूंपुढे एक पेच उभा राहतो. शिक्षण सोडून पूर्णवेळ स्पर्धांमागे जावे, की शिक्षण धरून ठेवून खेळाला दुय्यम स्थान द्यावे? आपल्याकडे या दोहोंशिवाय तिसरा पर्याय सहसा दिसत नाही. ऋतुजाने तिसरा मार्ग निवडला. ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि तेथील विद्यापीठाच्या संघातून खेळली.

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडापद्धती येथे थोडक्यात सांगणे उचित ठरेल. १९७२ च्या कायद्याने तेथील शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करण्यात आली आणि मुलींच्या क्रीडा संघांना मुलांच्या बरोबरीने संधी देणे संस्थांवर बंधनकारक झाले. ऋतुजाच्या काळात पहिल्या श्रेणीतील महिला टेनिस संघाला आठ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती. त्यातून शिक्षणशुल्क, निवास व भोजन यांचा भार उचलला जातो. प्रशिक्षक, कोर्ट, व्यायामशाळा, वैद्यकीय सेवा व सामन्यांसाठीचा प्रवास ही जबाबदारी विद्यापीठाची असते. खेळाडूने अभ्यासात किमान प्रगती राखली पाहिजे, अशी अट असते. ती पाळता यावी म्हणून अभ्यास-मार्गदर्शनाची व्यवस्थाही असते. व्यावसायिक टेनिसमध्ये ज्या काळात खेळाडूचे कुटुंब कर्ज काढते, नेमका तोच काळ अशा रीतीने विद्यापीठ सांभाळते.

या मार्गाने व्यावसायिक कारकिर्दीचे नुकसान होते, हा समज उदाहरणांनी खोटा ठरविला आहे. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ मध्ये अमेरिकेचे आंतरविद्यापीठीय एकेरीचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१० च्या ग्वांगझोऊ आशियाई स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण जिंकले. त्याच विद्यापीठाची डॅनिएल कॉलिन्स २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली.

भारतात परतल्यावर ऋतुजाने व्यावसायिक स्पर्धा व राष्ट्रीय संघ या दोन्ही आघाड्या सांभाळल्या. मार्च २०२० मध्ये दुबई येथे फेड करंडकाच्या आशिया-ओशिनिया गटात भारताने दुसरे स्थान मिळवून प्रथमच जागतिक प्ले-ऑफमध्ये प्रवेश केला. त्या संघात ती होती. त्याच महिन्यात करोनाच्या साथीमुळे जगभरातील टेनिस थांबले आणि ऑगस्टपर्यंत क्रमवारी गोठविण्यात आली. वरच्या स्तरावरील खेळाडूंना तो विश्रांतीचा काळ ठरला. खालच्या स्तरावरील खेळाडूंचे मात्र उत्पन्नच बंद झाले. या टप्प्यातूनही ऋतुजा टिकून राहिली. तिचे पती स्वप्नील गुगळे हे महाराष्ट्राचे रणजीपटू आहेत. २०१६ मध्ये अंकित बावणे यांच्या साथीने त्यांनी दिल्लीविरुद्ध केलेली ५९४ धावांची अभेद्य भागीदारी क्रिकेटप्रेमींना स्मरत असेल. खेळाडूचे आयुष्य म्हणजे काय, हे समजणारे घर हेही या व्यवसायातील भांडवलच म्हणावे लागेल.

हांगझोऊला गेली तेव्हा ऋतुजा एकेरीच्या क्रमवारीत तीनशेच्या पुढे होती. तिचा सहकारी बोपण्णा ४३ वर्षांचा होता आणि पुढे चारच महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, तो ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचा विजेता व जगातील अव्वल दुहेरी खेळाडू झाला. अशा जोडीत प्रतिस्पर्ध्यांचा मारा साहजिकच कमी क्रमवारीच्या खेळाडूवर असतो. मिश्र दुहेरीतील ही सर्वमान्य युक्ती आहे. पहिला सेट २-६ असा गेल्यावर सामना फिरविणे बोपण्णाच्या एकट्याच्या हाती नव्हते, कारण सर्व्हिस परतविण्याची जबाबदारी दोघांवर आलटून-पालटून येते. तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या टायब्रेकमध्ये जो प्रथम दहा गुण व किमान दोन गुणांची आघाडी मिळवितो, तो जिंकतो. तेथे चुकीला सुधारणेची संधी नसते. १०-४ हा गुणफलक दोघांच्या खेळाची साक्ष देतो.

तुलनात्मक दृष्टी : हंगेरीची टिमेआ बाबोश

लहान गावातून आलेल्या खेळाडूला दुहेरी हा मार्ग का मानवतो, हे समजण्यासाठी हंगेरीचे उदाहरण उद्बोधक आहे. टिमेआ बाबोश हिचा जन्म १९९३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या शोप्रोन या गावी झाला. म्हणजे वयाने ती प्रार्थनाची समकालीन. २०१० मध्ये तिने कनिष्ठ गटात तीन ग्रँड स्लॅम दुहेरी विजेतीपदे मिळविली. एकेरीत ती २०१६ मध्ये २५ व्या स्थानापर्यंत पोहोचली, परंतु तिची खरी कीर्ती दुहेरीची. फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविच हिच्या साथीने तिने २०१८ व २०२० ची ऑस्ट्रेलियन आणि २०१९ व २०२० ची फ्रेंच खुली स्पर्धा जिंकली. जुलै २०१८ मध्ये ती दुहेरीत जगात अग्रस्थानी आली.

येथे सानिया मिर्झाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एकेरीत सानियाचे सर्वोत्तम स्थान २७ वे, बाबोशचे २५ वे. दोघीही दुहेरीत मात्र अव्वल झाल्या. दुहेरीत शरीराची झीज कमी होते, कारकीर्द लांबते आणि नेटजवळचा खेळ, जागेचा अंदाज व सहकाऱ्याशी समन्वय या गुणांना अधिक मोल येते. मोठ्या संघटनेचे पाठबळ नसलेल्या खेळाडूला या गुणांच्या बळावर वर येता येते.

तथापि साम्य येथे संपते. बाबोशच्या गावापासून काही तासांच्या रेल्वेप्रवासात ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, झेक प्रजासत्ताक व जर्मनी येथील स्पर्धा गाठता येतात. युरोपातील खेळाडूला व्हिसाची वेगळी यातायात करावी लागत नाही आणि एका स्पर्धेत हरल्यास पुढची स्पर्धा शेजारच्या देशात मिळते. बार्शीच्या मुलीला तीच संधी मिळविण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. दोन गावांतील मुलींच्या गुणवत्तेत फरक असेल किंवा नसेल, पण सामन्यांच्या उपलब्धतेत निश्चितच आहे. टेनिस शिकण्याचे साधन शेवटी सामना हेच असते.

शासन, महाविद्यालय व खेळाडू

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडाविषयक योजना बव्हंशी पदकांच्या खात्याशी निगडित आहेत. शासकीय सेवेतील पाच टक्के आरक्षण, शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षेतील सवलतीचे गुण, शिवछत्रपती पुरस्कार आणि रोख पारितोषिके यांचा आधार प्रामुख्याने प्रातिनिधिक स्पर्धांतील कामगिरी हा असतो. हे योग्यही आहे. परंतु पदक मिळेपर्यंतची दहा-बारा वर्षे खेळाडू ज्या खात्यावर जगते, त्याची दखल या रचनेत अपुरी राहते. अलीकडील 'मिशन लक्ष्यवेध' योजनेत निवडलेल्या बारा खेळांमध्ये लॉन टेनिसचा समावेश आहे, तसेच जिल्हा स्तरावर प्रतिभा विकास केंद्रांची कल्पना मांडली आहे. ती प्रत्यक्षात कितपत उतरते यावर हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतील मुलींना काय मिळणार हे ठरेल.

महाविद्यालयाचा संबंध येथेच येतो. खेळाडू विद्यार्थिनीच्या बाबतीत आपला अनुभव बहुधा उपस्थितीच्या टक्केवारीपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. तिची कारकीर्द ५२ आठवड्यांच्या चक्रावर चालते, तर आपले सत्र वेगळ्या चक्रावर. ही दोन चक्रे जुळत नाहीत तेव्हा माघार घ्यावी लागते ती विद्यार्थिनीला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने श्रेयांक साठविण्याची, तसेच शिक्षणात खंड पडल्यास पुन्हा प्रवेश घेण्याची जी तरतूद केली आहे, तिचा उपयोग अशा विद्यार्थिनींसाठी जाणीवपूर्वक करता येईल. अभ्यासक्रमातील सहशालेय श्रेयांकांत क्रीडेला स्थान आहेच. स्पर्धेच्या काळात चुकलेल्या अंतर्गत परीक्षा नंतर घेणे, वाचनसाहित्य पाठविणे आणि शारीरिक शिक्षण संचालकाबरोबर एखाद्या विषयशिक्षकाने अशा विद्यार्थिनीची जबाबदारी घेणे, यांसाठी फार मोठा निधी लागत नाही. त्यासाठी आधी हे मान्य करावे लागते, की मैदानावरचा तिचा आठवडा हाही तिच्या शिक्षणाचाच भाग आहे.

निष्कर्ष

१. व्यावसायिक टेनिसपटूची कारकीर्द पदक व क्रमवारी या दोन भिन्न मापांनी मोजली जाते. ऑलिंपिक व आशियाई स्पर्धा क्रमवारीला गुण देत नाहीत. म्हणून एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

२. प्रार्थना ठोंबरे व ऋतुजा भोसले या दोघींच्या वाटचालीत निर्णायक ठरले ते गाव सोडणे. एकीला हैदराबादची अकादमी लाभली, दुसरीला टेक्सासचे विद्यापीठ. त्यांची गुणवत्ता तालुक्याच्या गावात जन्मली, पण तेथे वाढू शकली नाही.

३. दुहेरी हा दुय्यम खेळ नसून मर्यादित साधनांच्या खेळाडूसाठी जागतिक स्तरावर पोहोचण्याचा समर्थ मार्ग आहे. हंगेरीच्या बाबोशचे व आपल्या सानियाचे उदाहरण हेच दर्शविते.

४. राज्यात भरणाऱ्या लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा व शिक्षणाशी सांगड घालणारी महाविद्यालये, हे दोन दुवे बळकट झाल्यास पुढील पिढीला गाव सोडण्याचा निर्णय इतक्या लहान वयात घ्यावा लागणार नाही.

एखादी विद्यार्थिनी महिनाभराच्या अनुपस्थितीचा अर्ज घेऊन विभागात येते, तेव्हा तिच्या हाती बहुधा पदक नसते. एखाद्या लहान स्पर्धेच्या प्रवेशयादीची प्रत तेवढी असते. त्या कागदाचा अर्थ वाचता येणे, हे शिक्षक म्हणून आपले काम आहे.